जुना ट्रॅव्हल ट्रेलर: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू, हिच आणि ब्रेक कंट्रोलरसकट

आधीच सांगते, हा कुठल्या चकचकीत नव्या मॉडेलचा रिव्ह्यू नाहीये. २४ फुटी, नऊ वर्षं जुना, एक स्लाइडआउट (उभं केल्यावर बाहेर सरकणारा खोलीचा भाग), मागे पोरांसाठी बंक बेड, दोन एक्सल, असा अगदी साधा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडला गेलात तर असले डझनभर उभे दिसतील. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण त्याने फारसा फरक पडत नाही, यातले बहुतेक इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या आसपास बनतात आणि आतला फ्रिज, एक्सल, हीटर, पंप हे सगळं त्याच ठरावीक पुरवठादारांकडून येतं, त्यामुळे नऊ वर्षांनी ट्रेलर कसा निघेल हे बनवणाऱ्यापेक्षा आधीच्या मालकावर जास्त अवलंबून असतं. तो माणूस वेळच्या वेळी छतावर चढायचा की नाही, बस्स.

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार पाण्याच्या टाकीचा आहे, त्यावर शेवटी येते.

दिसायला म्हणाल तर आमचा ट्रेलर अगदीच यथातथा आहे. बाहेरचे स्टिकर उन्हाने उडालेत, सोफ्याचं रेक्झिन सोलवटलंय, पडदे तर चहात बुडवून काढल्यासारखे. याच्या आधी आम्ही एक बघितला होता तो मात्र फोटोत एकदम झकास, पांढरी रंगवलेली कपाटं, नवं विनाइल फ्लोअरिंग, भिंतीवर स्टिकरवाला वॉलपेपर, पिवळ्या दिव्यांच्या माळा, आत शिरल्या शिरल्या एअर फ्रेशनरचा घमघमाट. तिथेच माझ्या डोक्यात पाल चुकचुकली कारण एवढा वास मारायची गरज कशाला. पुढच्या बेडची फळी वर उचलली, खाली सामानाचा कप्पा असतो त्यात टॉर्च मारून कोपऱ्यातल्या प्लायवूडवर अंगठा दाबला तर अंगठा आत गेला. आत म्हणजे खरंच आत, ओल्या बिस्किटात जावा तसा. विकणारा म्हणाला, "ते थोडंसं सर्दावलंय." सर्दावलंय!! आम्ही नमस्कार केला आणि निघालो.

तर जुन्या ट्रेलरचं खरं दुखणं पाणी आहे, बाकी सगळं बदलता येतं. फ्रिज बदलता येतो, टायर बदलता येतात, एसी बदलता येतो, पण भिंतीच्या आत पाणी मुरलं की लाकडी सांगाडा कुजतो आणि मग ट्रेलर जवळजवळ परत बांधायला लागतो. बघायचं कुठे तर छताचे चारही कोपरे, व्हेंट आणि स्कायलाइटच्या भोवती, खिडक्यांच्या खाली, पुढच्या टोकाला वर जे छोटे दिवे असतात त्यांच्या मागे, आणि स्लाइडआउटच्या जमिनीचे कोपरे, तिथे अंग टाकून उभं राहायचं, जमीन मऊ लागली की काढता पाय घ्यायचा. फायबरग्लासची चिकटवलेली भिंत असेल तर टॉर्च भिंतीला टेकवून आडवा प्रकाश मारा, आत पाणी गेलेलं असेल तर भिंतीला फुगे आलेले दिसतात, समोरून बघितलं तर अजिबात दिसत नाहीत. याला डीलॅमिनेशन म्हणतात आणि हे दिसलं की घासाघीस करत बसू नका, सरळ सोडून द्या.

आमच्या ट्रेलरच्या छतावर मी स्वतः चढले. रबराचं छत, जोडांवरचं सीलंट काही ठिकाणी करडं जुनं, काही ठिकाणी पांढरं नवं, म्हणजे कोणीतरी थोडं थोडं करून वर्षानुवर्षं डागडुजी केलेली. मला तेच जास्त आवडलं. सगळीकडे एकसारखं ताजं सीलंट थापलेलं दिसलं असतं तर उलट शंका आली असती की विकायच्या आदल्या आठवड्यात काय झाकलंय बाबा. आजोबांनी (विकणारे सत्तरीतले होते) एक वही काढून दाखवली, त्यात कधी कुठलं भेगाळलेलं सीलंट खरवडून भरलं त्याच्या तारखा. त्या वहीसाठी मी अर्धा स्टार आजोबांना वेगळा देते.

तरीही आम्ही इन्स्पेक्टर बोलावला. अमेरिकेत एनआरव्हीआयए नावाची संस्था आहे, तिचे सर्टिफाइड लोक पैसे घेऊन खरेदीच्या आधी ट्रेलर तपासून फोटोसकट रिपोर्ट देतात. पैसे वसूल, दुसरा शब्द नाही. त्याने मॉइश्चर मीटर फिरवला, गॅसची गळती तपासली, कार्बन मोनॉक्साइड आणि गॅस डिटेक्टरच्या मागची तारीख बघितली (त्यांनाही एक्स्पायरी असते, आमचे दोन्ही उलटून गेलेले), आणि एक साधी गोष्ट केली जी मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. टाकीत पाणी भरून पंप चालू केला, सगळे नळ बंद केले आणि काही न बोलता शांत उभा राहिला. पंप प्रेशर धरून गप्प बसला पाहिजे. नळ बंद असताना मधेच 'घर्रर्र' करून परत सुरू झाला तर कुठेतरी पाणी जातंय, हिवाळ्यात पाइप तडकलेला असण्याची शक्यता मोठी. आमचा गप्प बसला. फ्रिज मात्र आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा, हे गॅसवर चालणारे फ्रिज थंड व्हायला तासन् तास घेतात, विकणारा "आत्ताच लावलाय, होईल थंड" म्हणाला की काहीच कळत नाही. आणि कागदपत्रं: टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) ट्रेलरवरच्या नंबराशी जुळवा, कर्ज बाकी आहे का बघा, एनएचटीएसए या अमेरिकी रस्ता सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल (दोषामुळे कंपनीने परत बोलावलाय का) बघा. पाच मिनिटांचं काम आहे पण लोक करत नाहीत.

आता वजन. इथे जरा वेळ घालवणार आहे कारण सगळ्यात जास्त थापा इथेच चालतात.

आमचा ट्रक हाफ टन पिकअप, माहितीपत्रकात लिहिलंय ९,२०० पाउंड ओढतो. ट्रेलरचं ड्राय वेट ५,१०० पाउंड. नवरा म्हणाला, "अगं, निम्म्याच्या आसपास तर वजन आहे, कशाला एवढा हिशोब." डीलरसुद्धा हेच म्हणतात. पण ड्राय वेट म्हणजे रिकामा ट्रेलर, त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, गाद्या-चादरी नाहीत, बऱ्याचदा बॅटरी आणि भरलेले गॅस सिलिंडरही धरलेले नसतात. असा ट्रेलर कोणी कधीच ओढत नाही. बघायचा तो जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रेलरचं जास्तीत जास्त परवानगीचं वजन, बाहेरच्या बाजूला डावीकडे पुढे स्टिकर असतो त्यावर. आमचं ६,८०० आहे. ट्रक निवडताना हाच आकडा धरायचा.

आणि तो ९,२०० चा आकडा? टो रेटिंगचं जे एसएई जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे त्यात ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पाउंड, एवढंच धरतात. बायकापोरं, कूलर, कुत्रा, टूलबॉक्स काही नाही. आपण चौघं बसलो की गणित बदलतं, आणि ते कुठे बदलतं तर पेलोडमध्ये, म्हणजे ट्रकवर किती वजन लादता येतं त्यात. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर पिवळी पट्टी असलेला स्टिकर असतो, 'माणसं आणि सामान मिळून याच्या वर जाऊ नये' असा आकडा त्यावर असतो. आमचा १,४८० पाउंड. आता ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं जे वजन ट्रकच्या हिचवर (ट्रेलर जोडायच्या सांध्यावर) बसतं, ज्याला टंग वेट म्हणतात, ते सुद्धा याच आकड्यातून वजा होतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

आम्ही ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, पाण्याची टाकी सोडून सगळं भरून वजन केलं. ट्रेलर निघाला ६,१५० पाउंड, टंग वेट ७८०. (माहितीपत्रकात टंग वेट ५२० लिहिलेलं, हसावं की रडावं.) चौघांचं वजन ५१०, हिचचं लोखंड ८०, म्हणजे बेरीज १,३७०. उरले ११० पाउंड. म्हणजे ९,२०० ओढणारा ट्रक ६,१५० च्या ट्रेलरलाच काठोकाठ भरला. आता कळलं ना मी हिशोब का करते ते. टंग वेट काढायचं असं: ट्रेलर जोडून, हिचचे वजन वाटणारे बार (ते पुढे सांगते) न लावता ट्रकच्या दोन्ही एक्सलचं वजन घ्या, मग ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं घ्या, दोन्हीतला फरक म्हणजे टंग वेट. ते एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के पाहिजे. आमचं १२.७ टक्के. कमी असेल तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, जास्त असेल तर ट्रकचा मागचा भाग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात.

ट्रकखाली हिचचा जो चौकोनी रिसीव्हर असतो त्यालाही वेगळा स्टिकर असतो, तो वाकून वाचा. आमच्यावर लिहिलंय, ट्रेलर अडकवायच्या साध्या बॉलवर ५,००० पाउंड ट्रेलर आणि ५०० टंग, त्याच्या वर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावा. त्यामुळे ती घेणं आम्हाला भागच होतं.

तर हिचचा रिव्ह्यू. दोन स्प्रिंग बारवाली, घर्षणाने ट्रेलरचं डोलणं दाबणारी हिच आहे. काम काय करते तर ट्रकच्या मागच्या एक्सलवर पडलेलं वजन थोडं पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या एक्सलवर ढकलते. लावल्यावर नुसतं 'सरळ दिसतंय' म्हणून सोडू नका, मोजा. ट्रकच्या पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या कडेची जमिनीपासून उंची नुसत्या ट्रकला ३८ इंच होती, ट्रेलर टेकवल्यावर सव्वा इंच वर गेली, बार ताणल्यावर पाऊण इंच परत खाली आली. किती परत यायला हवी ते ट्रकच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्याप्रमाणे वॉशर कमीजास्त करायला आमचा पूर्ण सकाळचा वेळ गेला. तक्रार एकच, वळताना ही हिच असली करकरते की पहाटे कॅम्पग्राउंड सोडताना शेजारी उठतात. आणि बार जड आहेत, हात काळे होतात, ग्लोव्ह्ज ठेवा. पण हायवेवर मोठा ट्रक शेजारून गेला की आधी हवेचा धक्का बसून ट्रेलर बाहेर ढकलला जातो आणि लगेच आत ओढला जातो, तो झोका या हिचने एका हेलकाव्यात संपतो. मात्र वजनाची मांडणी चुकलेली असेल तर जगातली कुठलीच हिच ती दुरुस्त करत नाही, विकणारे काहीही सांगोत.

ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र, आम्ही टेकॉन्शा प्रॉडिजी पी३ लावला. प्रपोर्शनल आहे, म्हणजे तुम्ही ट्रक जेवढा जोरात थांबवाल तेवढ्याच प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावतो. स्वस्तातले टाइम डिलेवाले येतात ते ठरलेल्या वेळाने ठरलेला जोर लावतात, सिग्नलला दर वेळी मागून कोणीतरी ढकलल्यासारखं किंवा खेचल्यासारखं वाटतं. सेटिंग सोपं आहे, मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलाच्या आसपास नुसता हाताचा लिव्हर दाबायचा, ट्रेलरने तुम्हाला मागे खेचलं पाहिजे पण चाकं लॉक होऊन घासली नाही पाहिजेत. ट्रेलर हलका-जड झाला की परत करायचं. आणि तो लिव्हर कुठे आहे ते न बघता हाताला सापडलं पाहिजे, कारण ट्रेलर जोरात डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक करकचून दाबायचा नाही आणि स्टिअरिंगने त्याच्याशी मारामारीही करायची नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागे ताणला गेला की रांगेत येतो. उपजत बुद्धी नेमकं उलटं करायला सांगते म्हणून हे रिकाम्या मैदानात आधी हाताला सवय करून घ्या.

टायरबद्दल थोडक्यात. नऊ वर्षांच्या ट्रेलरला टायर दिसायला नवेच होते, नक्षी जशीच्या तशी, कारण ट्रेलर वर्षातला बहुतेक काळ उभाच असतो. पण ट्रेलरचा टायर झिजून कमी आणि म्हातारा होऊन जास्त फुटतो. बाजूला डीओटीनंतर शेवटचे चार आकडे वाचा, २२१६ असेल तर २०१६ च्या बाविसाव्या आठवड्यातला. आमचे मूळचेच होते, कडेला बारीक भेगा, लांबच्या प्रवासाआधी चारही बदलले. नवे घेताना एसटी लिहिलेले, म्हणजे ट्रेलरसाठीचेच घ्या, लोड रेंज (वजन पेलायची क्षमता) मूळच्यापेक्षा कमी नको, आणि त्यांची वेगमर्यादा विचारा, बऱ्याच एसटी टायरची ताशी ६५ मैलच असते. हवा टायर थंड असताना भरायची, स्टिकरवर असेल तेवढी. चाक लावल्यावर पहिल्या ५० मैलांत नट परत टॉर्क करायचे. थांब्यावर चारही हबवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारायचा, एकच बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक बोंबललाय. एखादा टायर आतल्या कडेलाच झिजलेला दिसला तर एक्सल वाकलेला असू शकतो, हे मात्र खरेदीच्या आधी बघायचं.

जोडण्याच्या बाबतीत मी कटकटी आहे हे मान्य. कपलर (ट्रेलरच्या नाकावरची वाटी) बॉलवर बसून लॅच लागला, पिन घातली, की मी जॅकने ट्रेलरचं नाक परत दोन इंच वर उचलायला लावते. नीट बसलेलं असेल तर ट्रकचं मागचं टोकही बरोबर वर येतं. नाही आलं तर लॅच बॉलच्या वरच लागलाय आणि पहिल्याच खड्ड्यात ट्रेलर सुटणार. नवरा दर वेळी "अगं, आवाज आला ना खट्ट" म्हणतो, मी दर वेळी उचलायला लावते. सेफ्टी चेन खालून एकमेकींवर फुली करून, म्हणजे सुटलाच तर नाक जमिनीत न घुसता त्या झोळीत पडतं. ब्रेकअवेची, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या स्विचची, केबल मात्र चेनला किंवा हिचला अडकवायची नाही, वेगळी ट्रकलाच. खरेदीच्या वेळी ती पिन उपटून बघा, ट्रेलरची चाकं जॅम झाली पाहिजेत, लगेच परत घाला नाहीतर बॅटरी जाते. त्यासाठी ट्रेलरची बॅटरी जिवंत पाहिजे, मेलेल्या बॅटरीवर ब्रेकअवे शोभेचा. गॅस सिलिंडर प्रवासात बंद. ट्रेलरची उंची एसीसकट मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, आमची ११ फुटांच्या किंचित खाली आहे. सोडताना आधी चाकांना अडवायचे ठोकळे, मग कपलर, हा क्रम कधीच उलटा नाही.

मागे घेणं सगळ्यांना अवघड वाटतं पण युक्ती एकच, हात स्टिअरिंगच्या तळाला धरा, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचाय त्या बाजूला हात न्या. आणि हळू. बाहेर उभं राहून हातवारे करणाऱ्याने आरशात दिसेल असंच उभं राहायचं, मी दिसत नसेन तर नवऱ्याने गाडी थांबवायची असा आमचा करार आहे, संसार त्यावर टिकलाय.

आता तो कापलेला स्टार. पिण्याच्या पाण्याची टाकी ४० गॅलनची आहे, भरली की जवळजवळ ३३० पाउंड, आणि बनवणाऱ्याने ती एक्सलच्या मागे टाकलीये. म्हणजे टाकी भरली की ट्रेलर जड होतो पण नाक हलकं होतं. भरून परत स्केलवर नेलं तर एकूण ६,४८० आणि टंग वेट ६७०, साडेबारापेक्षा जास्त टक्क्यांवरून थेट १०.३ वर. १० ते १५ टक्क्यांत बसतं पण अगदी उंबरठ्यावर, वर मागे सायकलींचा रॅक टांगला असता तर १० च्या खालीच गेलं असतं. बंक बेडसुद्धा मागेच, पोरं पुस्तकं, खेळणी, कायकाय तिथेच कोंबतात. मोठं कुटुंब डोळ्यासमोर ठेवून आराखडा काढायचा आणि टाकी अशी मागे, डिझाइन करणाऱ्याने एकदा स्वतः ओढून बघायला हवा होता. आम्ही टाकी पाव भरून निघतो, बाकीचं पाणी कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर, सायकली ट्रकच्या बेडमध्ये, आणि मागच्या कपाटांत फक्त उशा-पांघरुणं.

कोणासाठी घेण्यासारखा? पेलोड १,४०० च्या वर असलेला ट्रक आणि दोन लहान मुलं असतील तर बिनधास्त. पोरं मोठी, वजनदार असतील तर याच साइजला जास्त पेलोडचा ट्रक लागेल. एसयूव्हीवाल्यांनी या लांबीच्या नादी लागू नये, त्यांनी स्कॅम्प, कसीटा असले छोटे फायबरग्लासचे जुने शोधावेत, त्यांचं कवच दोन अर्ध्या साच्यांचं असतं त्यामुळे छताला असे ढीगभर जोड नसतात, गळायच्या जागा खिडक्या आणि व्हेंटपुरत्या उरतात. मात्र ते जुने असले तरी स्वस्त मिळत नाहीत आणि चौघांना झोपायला अडचण होते.